दुकान अथांग, मराठी फडताळ लहान

कोंढा हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. इथल्या वाचकाला चार पुस्तकं चाळून एक निवडायचं तर नागपूर गाठावं लागतं. फोनवर मात्र त्याच्यापुढे ई-पुस्तकांचं तेच दुकान उघडतं, जे पुणेकरापुढे उघडतं. वर्षाला दोन प्रती खपणारं पुस्तकही तिथे जागा अडवत नाही. अशा कमी खपाच्या असंख्य पुस्तकांची मिळून मोठी बाजारपेठ होते, हे क्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात मांडलं होतं.

जागेचा हिशेबच करू. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला १. पानाला दीड हजार चिन्हं धरली, तर तीनशे पानी कादंबरी साडेतेरा लाख बाइटांत मावते. सकाळी सकाळी येणारा ‘शुभ प्रभात’चा व्हिडिओ याहून जड असतो!

मग मराठी फडताळ एवढं लहान का? ॲमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास पुस्तकं घेऊन आलं. मराठी पुस्तकं तिथे रीतसर दाखल झाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतात, युनिकोडमध्ये, देवनागरी तर १९९१ पासून आहे. प्रकाशकांची उदासीनता आहेच. पण माझ्या मते खरी गोम जुन्या फाइलींत आहे.

डीटीपीच्या काळात पुस्तकं ‘कृतिदेव’, ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टांत जुळवली गेली. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी ‘डी’ असतो. फॉन्ट बदलला की कादंबरीचा कचरा. शिवाय क्रम वेगळा. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर; युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. ‘कर्म’मधला रफार जुन्या फॉन्टात ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरांत ती अडखळतात आणि अखेर माणसाला ओळ न् ओळ तपासावी लागते. या मजुरीचे पैसे कमी खपाच्या पुस्तकातून कसे निघणार?

म्हणून पानांचे फोटो काढून पीडीएफ करण्याची पळवाट निघते. फोनवर ते पान बोटांनी ताणत वाचावं लागतं, त्यात शब्द शोधता येत नाही. याउलट ‘ईपब’ या ई-पुस्तकाच्या फाइलीत मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो. ई साहित्य प्रतिष्ठान आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी मोफत पुस्तकांची मोठी सोय केली आहे, बुकगंगावर विकतची आहेत. पण त्यांतलंही बरंचसं पीडीएफच.

झाडीबोलीत लिहिणाऱ्यांना, झाडीपट्टीच्या नाटककारांना तर हे दुकान फार उपयोगी पडावं. त्यांचा वाचक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत विखुरलेला, छापील आवृत्ती लहान. त्यांनी मुद्रकाकडून छापील प्रतींबरोबर युनिकोडमधली फाइलही मागून घ्यावी.

आणि वाचकांनो, ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुना उतरवून अक्षर मोठं करून पाहा. ओळी नव्याने जुळल्या तर घ्या. नुसतं पानच फुगलं, तर तो फोटो आहे.