भाडे ठरले, पण वरखर्चाचे काय?

जून उजाडला की आपल्या घरात दोन कामांची एकदम घाई उडते. एकीकडे भाताची पेरणी, दुसरीकडे पोराची खोली. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून महाडला रोज ये-जा करणे पावसात कठीण. म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, बिरवाडीकडच्या एमआयडीसीत नोकरी लागलेल्या मुलाला महाडात, नाहीतर पोलादपुरातच खोली घेऊन द्यावी लागते. बाप खोली पाहायला जातो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘भाडे किती?’ भाडे ठरते, डिपॉझिट दिले जाते, चहा होतो. पहिला महिना सरतो आणि मग मालकाची चिठ्ठी येते. लाइट, पंप, झाडलोट, जिन्याचा दिवा, मेंटेनन्स! भाड्याच्या वर आणखी हजार-बाराशे रुपये. पोरगा घरी फोन करतो आणि इकडे दूधडेअरीच्या पैशांतून ती भर घालावी लागते.

वाचकहो, हा वरखर्च लबाडीचाच असतो असे मुळीच नाही. एका छपराखाली चार बिऱ्हाडे राहिली की सामाईक खर्च येणारच. पण तो कशाचा, किती आणि कोणी वाटून घ्यायचा, हे आधी ठरले नाही की तंटा उभा राहतो. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

आजोबांची वही

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महाड-पोलादपूरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने त्यात निजायचे, आपली ट्रंक भिंतीशी ठेवायची आणि जेवण खाणावळीत, अशी रीत होती. खोलीचे भाडे आणि दिव्याचा खर्च साऱ्यांत वाटला जाई. हिशोब एकाकडे असला तरी वही सर्वांची. कोणी कधी किती दिले, ते त्यात मांडलेले असे, आणि शंका आली तर ती उघडून दाखवावी लागे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले, पण त्या वहीतला धडा आजही खरा आहे. सामाईक खर्चाचा हिशोब उघडा असला तरच माणसे एका छपराखाली सुखाने राहतात.

खर्च कोणकोणता?

खोली पाहतानाच पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात. पंपाचे आणि जिन्याच्या दिव्याचे वीजबिल कोण भरतो? खोलीला स्वतंत्र मीटर आहे का? पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे? झाडलोट आणि कचऱ्याचे किती? सेफ्टी टँक उपसायचा खर्च कोणाचा? पंपाची मोटर जळाली तर कोणाच्या खिशातून?

हा शेवटचा प्रश्न महाडात हसण्यावारी नेऊ नका. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा किती घरांचे तळमजले बुडाले हे आपण पाहिले आहे. तळाशी बसवलेली मोटर पुरात गेली, जिन्यात गाळ साचला, तर तो खर्च मालकाचा की बिऱ्हाडांचा, हे कोरड्या दिवसांतच बोलून घ्यावे.

आकडेमोड करून पाहा

समजा, एका घरात चार बिऱ्हाडे आहेत. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पंप व सामाईक दिवे यांचे महिन्याचे बिल ९६० रुपये, झाडूवालीचे ८००, टाकी उपसायचे वर्षाचे ३६०० म्हणजे महिना ३००, आणि बल्ब, फिनेल वगैरे १००. एकूण झाले २१६० रुपये. चार बिऱ्हाडांत वाटले तर प्रत्येकी ५४० रुपये. मालक जर ९०० मागत असेल, तर ३६० रुपये जास्त जातात. अकरा महिन्यांत ही रक्कम ३९६० रुपये होते! वरचे पैसे कशाचे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि विचारण्यात कसला उद्धटपणाही नाही. कदाचित मालकाने मोटरच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढले असतील. तसे असेल तर तेही वहीत यावे.

आता वाटणीची रीत. बिऱ्हाडावर वाटावे की माणशी? एका खोलीत दोन मुले, एकीत तिघे, एकीत पाच माणसांचे कुटुंब, एकीत दोघे, अशी बारा माणसे असली तर पाणी पाच माणसांना जास्त लागणारच. पंपाचे ९६० रुपये माणशी वाटले तर ८० पडतात. म्हणजे दोन मुलांच्या खोलीला १६० आणि पाच जणांच्या खोलीला ४००. बिऱ्हाडवार वाटले तर सर्वांना सारखे २४०. दोन्ही रीती चालतात, पण कोणती ते राहायला येण्यापूर्वी ठरावे. झाडलोट, जिन्याचा दिवा यांना बिऱ्हाडवार वाटणी बरी, पाण्याला माणशी बरी, असे सर्वसाधारण म्हणता येईल.

एकच मीटर असेल तर

विजेच्या बाबतीत एक मेख ध्यानात ठेवा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटना दर कमी असतो आणि पुढच्या टप्प्यांना चढत जातो. तीन बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली की सर्वांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि जो एकटा राहून स्वस्त टप्प्यात बसला असता तोही महाग टप्प्यात ओढला जातो. म्हणून शक्य तर स्वतंत्र मीटरची खोली घ्यावी. ते नसेल तर पोटमीटर मागावा, दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला त्याचा आकडा दोघांनी मिळून लिहावा आणि मूळ बिल पाहायला मागावे.

सोसायटीतला फ्लॅट असेल तर

महाडात आता इमारतीही पुष्कळ झाल्या. तीन-चार मुले मिळून फ्लॅट घेतात. तिथे सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर बिलात निरनिराळ्या बाबी असतात. सेवाशुल्क म्हणजे झाडलोट, पहारेकरी, सामाईक वीज, कार्यालयखर्च यांचे पैसे. हे साधारणपणे सर्व फ्लॅटना सारखे येते. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर येते. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हे इमारतीच्या जतनासाठी असतात. इमारत मालकाची, म्हणून हे दोन्ही निधी मालकाने भरावेत हेच न्यायाचे. आपण ते भरायचे कबूल करणार असाल तर भाड्यात तेवढी सूट मागावी.

आणखी एक बाब असते, बिनभोगवटा शुल्काची. मालक स्वतः न राहता भाडेकरू ठेवतो, म्हणून संस्था हे मागते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क ८०० रुपये असेल तर हे फार तर ८० रुपये. याहून मोठा आकडा भाडेकरूच्या माथी मारला जात असेल तर संस्थेचे मूळ बिल मागावे.

दुरुस्ती निधी म्हटला की लोक नाके मुरडतात. पण २४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ महाडकर कसे विसरतील? काजळपुऱ्यातली ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. दोष कोणाचा हा न्यायालयाचा विषय. आपण मात्र एवढे शिकावे, की स्वस्त खोली मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. खांबांना तडे आहेत का, तळाशी पाणी मुरते का, सळ्या उघड्या पडल्यात का, हे पाहावे. घराच्या जतनावर खर्च होतो की नाही, हे भाड्याइतकेच महत्त्वाचे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो कोणत्या गावांना लागू आहे त्याची यादी कायद्यासोबत आहे. आपले गाव त्यात आहे का, हे नगरपरिषद, नगरपंचायत किंवा वकिलाकडे विचारून घ्यावे. या कायद्याप्रमाणे घेतलेल्या पैशाची पावती मालकाने द्यायलाच हवी. पाणी, वीज, जिन्याचा दिवा, संडास-सफाई यांसारख्या सोयी वाजवी कारणावाचून तोडता येत नाहीत. तोडल्यास भाडेकरूला न्यायालयात दाद मागता येते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी एवढा मोठा सत्याग्रह झाला, तिथे कुणाचे पाणी तोडणे हे तसेही शोभणारे नाही.

परंतु एक गोष्ट नीट समजून घ्या. आजकाल बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर देतात. असा राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारा. भाडेकरूची सारी संरक्षणे त्याला मिळत नाहीत. त्याची खरी ढाल म्हणजे करारात लिहिलेले शब्द. तो करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा, आणि ही जबाबदारी कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटी काय ठरल्या याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणून शहाणा मालकही नोंदणीला नकार देत नाही.

आपण करायचे काय?

करारात भाड्याच्या खाली वरखर्चाची स्वतंत्र ओळ घालून घ्या. कोणकोणता खर्च, कशावर वाटायचा, दर किती महिन्यांनी हिशोब दाखवायचा, हे त्यात यावे. ‘इतर खर्च वेगळे’ एवढ्या दोन-तीन शब्दांवर सही करू नका. डिपॉझिटमधून काय कापता येईल तेही लिहून घ्या. पैसे देताना पावती घ्या, मोबाइलवरून दिले तर कशाचे ते त्यात लिहा.

आणि भगिनींनो, घरचा हिशोब बहुधा तुमच्याच हाती असतो. पोराच्या ट्रंकेत लोणच्याची बरणी आणि नाचणीचे पीठ बांधाल, तेव्हा एक शंभर पानी वहीही ठेवा. पहिल्या पानावर मीटरचा आकडा आणि तारीख त्याच्याकडून लिहवून घ्या. मालकाशी भांडायची वेळ बहुधा येणारच नाही, कारण पाहणारा डोळा आहे म्हटले की आकडा आपोआप सरळ येतो. आणि चार बिऱ्हाडांनी मिळून विचारले, तर ते कुणा एकट्याच्या अंगावरही येत नाही.