पाहिलेला आणि ऐकलेला इतिहास

पुस्तकात वाचलेला प्रसंग आपण मनश्चक्षूंनी पाहतो. चलच्चित्रात तोच प्रसंग डोळ्यांसमोर घडू लागतो, आणि ध्वनिमुद्रणामुळे तर दिवंगत थोर पुरुषांचा आवाजही आपल्या कानी पडतो. म्हणूनच इतिहासाच्या तासाला पाठ्यपुस्तक व नकाशा यांच्या जोडीला चित्रपटांचा आणि भाषणांचाही उपयोग करतात. परंतु डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, एवढ्यावरून ते सारे जसेच्या तसे घडले, असे म्हणता येईल काय? दांडीयात्रेच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करू.

मिठावरील कराचा अन्यायी कायदा मोडण्यासाठी महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजी ७८ निवडक सहकाऱ्यांसह साबरमती आश्रमातून पायी निघाले. सुमारे ३८५ किलोमीटरांची वाटचाल करून ५ एप्रिल रोजी ते दांडीस पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरील मीठ उचलले. या यात्रेचे त्या वेळी घेतलेले चित्रण आजही उपलब्ध आहे. हाती काठी घेतलेले गांधीजी झपाझप पावले टाकीत चालले आहेत, असे त्यात दिसते. साठी उलटलेल्या पुरुषाची ही चाल किती वेगवान होती, हे शब्दांत सांगण्यापेक्षा पडद्यावर पाहिले म्हणजे चटकन पटते. मात्र हे चित्रण मूक आहे. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ हा १९३१ साली झळकला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटणार नाही. चालणारे काय बोलत होते, हे त्यावरून कळत नाही. ते जाणण्यासाठी पत्रे, वृत्तपत्रे आणि आठवणी यांच्याकडेच वळावे लागते.

हीच यात्रा रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटातही दाखविलेली आहे. हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. यात गांधीजींची भूमिका बेन किंग्स्ले या नटाने केली आहे. येथे रंग आहेत, संवाद आहेत, संगीतही आहे. पाहणाऱ्याचे अंतःकरण भरून येते. तथापि हे दृश्य त्या यात्रेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी मुद्दाम उभे केलेले आहे. पहिले चित्रण हा घटनेचा साक्षीदार होय; दुसरा चित्रपट ही त्या घटनेची कथा होय. कथाकाराला काही गोष्टी निवडाव्या लागतात, काही गाळाव्या लागतात, तर काही बदलाव्याही लागतात. २१ मे १९३० रोजी धारासना येथील मिठागरावर सत्याग्रहींवर झालेल्या लाठीमाराचे वृत्त वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने जगाला कळविले. चित्रपटात मात्र ते काम वॉकर नावाचा एक कल्पित वार्ताहर करतो.

जे गाळले जाते, त्याकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. दांडीयात्रा निघण्यापूर्वी अवघे दहा दिवस, म्हणजे २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे परकीय सत्तेच्या अन्यायाविरुद्ध लढा उभा राहत होता, तर दुसरीकडे आपल्याच समाजातील अन्यायाविरुद्ध. पुढे १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी या दोन नेत्यांचा निकटचा संबंध आला. असे असूनही ‘गांधी’ या चित्रपटात डॉ. आंबेडकर कोठेही दिसत नाहीत. ज्याने केवळ हा चित्रपट पाहिला, त्याला त्या काळातील एका मोठ्या लढ्याची वार्ताही लागणार नाही. पडद्यावर जे दिसत नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची चूक येथूनच होते.

भाषणांची गोष्टही अशीच आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री पंडित जवाहरलाल नेहरू यांनी दिल्लीस संविधान सभेत भाषण केले. त्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांच्या स्वरातील गांभीर्य आणि शब्दाशब्दांतील विसावा यांवरून त्या क्षणाचे मोल उमगते. छापील मजकुरातून ते तितके उमगत नाही. मध्यरात्रीच्या ठोक्याला जग झोपेत असता भारत जागा होईल, अशा आशयाचे वाक्य त्या भाषणात आहे. आता घड्याळाचा हिशेब करून पाहा. दिल्लीत मध्यरात्र झाली तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळ होती आणि अमेरिकेत तर दिवस होता. म्हणजे सारे जग काही झोपलेले नव्हते. यावरून नेहरू असत्य बोलले, असे होत नाही. हा वक्तृत्वाचा अलंकार आहे. त्यातून राष्ट्राच्या मनातील भाव कळतो. मात्र वेळेची नोंद म्हणून त्याचा आधार घेता येत नाही.

यास्तव वर्गात चित्रपट पाहताना अथवा भाषण ऐकताना वही जवळ ठेवावी आणि काही प्रश्न विचारावेत. हे केव्हा तयार झाले? कोणी केले? कोणासाठी केले? यात काय दाखविले आहे आणि काय गाळले आहे? दुसरा एखादा पुरावा याला दुजोरा देतो काय? न्यायाधीश एका साक्षीवरून निकाल देत नाही. तो दुसरी साक्ष तपासतो, कागदपत्रे पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकाचे कामही तसेच असते.

आज हुबेहूब वाटणारी खोटी चित्रे आणि खोटे आवाज यंत्राच्या साहाय्याने अल्पावकाशात तयार करता येतात. अशा काळात ही सवय परीक्षेपुरती नसून आयुष्यभर उपयोगी पडणारी आहे. दांडीच्या वाटेवरील ती मूक पावले अवश्य पाहावीत, मध्यरात्रीचे ते भाषणही मन लावून ऐकावे. त्यांनी आपले मन हेलावले, तर त्यात गैर काहीच नाही. त्यानंतर मात्र वही उघडून आपले प्रश्न विचारावयास विसरू नये.