कुत्रें पिंजरा कां उकरतें?

कुत्र्याला संस्कृतांत नांवें पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील ‘कौलेयक’ हें नांव आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. कुल, कुक्षि व ग्रीवा या तीन शब्दांपासून अनुक्रमें कुत्रा, तलवार व अलंकार या अर्थीं होणाऱ्या रूपांची व्यवस्था पाणिनीनें एकाच सूत्रांत लावली आहे. कौलेयक म्हणजे कुळांतला, घरचा.

आमच्या लहानपणीं हा घरचा प्राणी अंगणांतच असे. वैश्वदेवाच्या वेळीं त्याचा घास निघे, पण ओसरीची पायरी चढण्याची त्यास मुभा नव्हती. आतां काळ पालटला. आमच्या कळंब्यासारख्या, कोल्हापूरच्या कडेच्या वस्तींत बंगले व सदनिका वाढल्या, त्यांबरोबर कुत्रें दिवाणखान्यांत आलें, आणि त्याच्या मागोमाग त्याचा तारेचा पिंजराही आला. तेव्हांपासून एक तक्रार अनेक घरीं ऐकूं येते: “आमचें कुत्रें पिंजऱ्याचा तळ सारखें उकरतें, गादी फाडतें, आणि रागें भरलें तरी ऐकत नाहीं.” या तक्रारीचा थोडा विचार करूं.

उकरणें हा मुळांत दुर्गुण नव्हे. तो कुत्र्याचा वंशपरंपरागत व्यवहार आहे. कुत्रें लांडग्याच्या कुळांतलें. सोलापूर व पुणें जिल्ह्यांच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत, आणि त्यांची मादी विण्यापूर्वीं बीळ उकरते किंवा दुसऱ्या प्राण्याचें जुनें बीळ मोठें करून घेते. निजण्यापूर्वीं जागा पंजांनीं सारखी करणें, उन्हाळ्यांत वरची तापलेली माती दूर सारून खालच्या गारव्यावर पोट टेकणें, हें त्या कुळांतील सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम सुटत नाहीं. तो बहुतेक पंजांच्या तळव्यांनाच येतो. त्याच पंजांत गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. म्हणून उकरलेल्या जागेवर ‘ही माझी’ अशी जणूं सहीच होते. तेव्हां कुत्र्यानें चार-पांच वेळां गादी उकरली, दोन गिरक्या घेतल्या आणि अंगाचें मुटकुळें करून तें निजलें, तर गृहिणीनें काळजी करूं नये. एखादी जुनी गोधडी आंत टाकावी, आणि चैत्र-वैशाखांत पिंजरा पत्र्याखालीं न ठेवतां फरशीच्या गारव्यावर ठेवावा.

कांहीं जातींना तर माणसानेंच या कामासाठीं घडविलें. ‘टेरियर’ हें नांव भूमिवाचक लॅटिन शब्दावरून आलें, व ‘डाशहुंड’ याचा जर्मन अर्थ बिज्जूचा कुत्रा. दोघेही बिळांत शिरून शिकार करणारे. उलट आपला मुधोळ कुत्रा धांवून शिकार करणारा. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानांत त्याची जोपासना झाली, आणि 2005 सालीं भारतीय टपाल खात्यानें त्याचें तिकीट काढलें. अशा कुत्र्याला धांवावयास मिळालें नाहीं, तर सांचलेली शक्ति पंजांवाटे बाहेर पडते.

मादी असेल तर आणखी एक कारण लक्षांत ठेवावें. माजावर येऊन गेल्यावर सुमारें दोन महिन्यांनीं, नराशीं संबंध आला नसतांही, तिला गर्भाचा भास होतो. ती कोपरे उकरते, चिंध्या गोळा करते, एखादें खेळणें पोटाशीं धरते. हा प्रकार बहुधा दोन-तीन आठवड्यांत निवतो. न निवल्यास पशुवैद्यास दाखवावें. लहान पिल्लू उकरत असेल, तर त्याला बाहेर जावयाचें आहे काय हें प्रथम पाहावें. त्याला लघवी फार वेळ आवरत नाहीं.

याहून निराळें उकरणें तें दाराशींचें. कुत्रें घरांत माणूस नसतांनाच उकरतें, तळ सोडून दाराशीं व कोपऱ्यांशीं पंजे घासतें, गज चावतें, लाळ गाळतें, रडतें, आवडता खाऊही तोंडांत घेत नाहीं. कधीं नख मोडून रक्त येतें. येथें बिछाना करणें चाललें नसून सुटकेची धडपड चालली आहे, आणि तिचें मूळ एकटेपणाच्या भयांत आहे.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें: कुत्रें गुहेंत राहणारें जनावर, त्याला पिंजरा आवडावयाचाच! हें अर्धसत्य आहे. लांडग्याचें बीळ असतें तें पिलांसाठीं. तीं मोठीं झालीं कीं सारें कुटुंब उघड्यावर राहतें. शिवाय बिळाला कडी नसते. आमच्या कळंब्यांत कोल्हापूरचें मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळें हा भेद येथील मनुष्यास फोड करून सांगावा लागत नाहीं. छप्पर, अन्न आणि पहारा दोन्हीकडे असतात; कडी कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरच घर आणि तुरुंग ठरतात.

अशा कुत्र्याला संध्याकाळीं परतलेला यजमान फाटलेली गादी दाखवून मारतो. तें कान पाडतें, नजर चुकवितें, आणि यजमान म्हणतो, “पाहा, अपराध कळला.” 2009 सालीं अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेनें याचीच परीक्षा घेतली. तिला आढळलें कीं ही ‘अपराधी मुद्रा’ अपराधावर नव्हे, तर मालकाच्या रागावर अवलंबून असते. आणि निरपराध कुत्र्यावर रागावलें असतां ती अधिकच स्पष्ट दिसते. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या पुत्राला यज्ञभूमीवर मारलें; त्यानें हविर्भागाकडे पाहिलेंही नव्हतें. सरमेनें येऊन कारण विचारलें तेव्हां कोणाला उत्तर देतां आलें नाहीं, आणि अकस्मात् येणाऱ्या भयाचा शाप राजाच्या पदरीं पडला. उत्तर नसतांना उगारलेल्या हाताविषयीं याहून थोडक्यांत कोणीं सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

उपाय अवघड नाहींत, पण ते वेळ मागतात. आमच्या शेजारच्या एका घरीं सकाळीं नऊपासून सायंकाळपर्यंत कुत्रें कोंडलेलें असे व दुपारभर गज घासल्याचा आवाज येई. पुढें त्या कुटुंबानें दोन गोष्टी केल्या: पहांटे त्याला तलावाकडे भरपूर हिंडवून आणूं लागले, आणि पिंजऱ्याचें दार काढून आंत त्याचें जेवण ठेवूं लागले. दुपारीं कोणी तरी एकदां घरीं येई. दीड-दोन महिन्यांत आवाज थांबला, आणि कुत्रें आपण होऊन पिंजऱ्यांत जाऊन निजूं लागलें. कुत्र्याला एकटें राहण्याचीही अशीच संवय लावावी: आधीं पांच मिनिटें, मग दहा, मग अर्धा तास.

कायद्यानेंही यांत लक्ष घातलें आहे. 1960 च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमांत, नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणें हा मालकाचा अपराध म्हणून स्पष्ट सांगितला आहे. दंड अगदींच क्षुल्लक आहे. पण सुशिक्षित गृहस्थानें दंडाच्या रकमेवरून कर्तव्य मोजूं नये. सकाळचा तासभर आणि दुपारचें एक माणूस एवढें ज्या घरांत निघणार नसेल, त्या घरानें मुलांनीं कितीही हट्ट धरला तरी कुत्रें आणूं नये.