हाताने अडवलेला गोल

फुटबॉलची मॅच नव्वद मिनिटांत संपते. तिच्यावरचा वाद मात्र दहा दहा, पंधरा पंधरा वर्षे चालतो. मॅच सुटली की हरलेल्या बाजूची माणसे दोन गोष्टी म्हणतात. एक, "त्यांनी लबाडी केली." दुसरी, "रेफरीनं मॅच घालवली." भांडताना सगळे या दोन्ही गोष्टी एकत्र कालवतात. पण त्या एक नाहीत. त्या वेगळ्या कशा हे घाना आणि उरुग्वे यांच्या मॅचवरून चांगले कळते, म्हणून मी तिच्याविषयी लिहीत आहे.

ही मॅच २ जुलै २०१० रोजी झाली. तेव्हा आमच्या चौथीच्या वर्गातले कोणीच जन्मले नव्हते. तरी पारावर अजून तिचा विषय निघतो. आमचे गाव कोल्हापूरजवळ आहे ना! कोल्हापुरात फुटबॉलचे लई वेड. तिथे तालमींच्या टीमा खेळतात आणि वर्ल्ड कप आला की ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले असे पेठांचे दोन तट पडतात. आमचे तात्या दर मॅचला शाहू स्टेडियमवर जातात. मला ही मॅच त्यांनी सांगितली आणि सरांनी मोबाईलवर दाखवली. शेवटचा भाग आम्ही पाच वेळा पाहिला.

घाना हा देश आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रकाठी आहे. उरुग्वे दक्षिण अमेरिकेत आहे. उरुग्वे एवढासा देश, आपल्या मुंबईत त्याच्यापेक्षा जास्त माणसे राहतात. पण त्याने १९३० आणि १९५० असा दोन वेळा वर्ल्ड कप जिंकला आहे. २०१० चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत होता. आफ्रिका खंडात तो पहिल्यांदाच भरला होता. आफ्रिकेचे सहा संघ खेळले, पण पाच पहिल्याच फेरीत गेले आणि एकटा घाना उरला. म्हणून सगळी आफ्रिका घानाच्या मागे उभी राहिली. तोपर्यंत आफ्रिकेचा एकही संघ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला गेला नव्हता. ही मॅच जिंकली की घाना जाणार होता.

जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये सुमारे ८४ हजार माणसे बसली होती. मध्यंतर व्हायच्या तोंडावर घानाच्या मुंतारीने लांबून गोल मारला. मध्यंतरानंतर उरुग्वेच्या फोर्लानने फ्री किकवर फेडला. एकास एक. मग जादा वेळेची तीस मिनिटे दिली, त्यातही कोणाचा गोल नाही.

आता शेवटचे मिनिट. घानाला फ्री किक मिळाली आणि चेंडू उरुग्वेच्या गोलसमोर आला. गोलकीपर पुढे निघून आला होता. त्यामुळे गोल उघडा पडला. रेषेवर राहिले उरुग्वेचे दोन गडी, त्यातला एक लुईस सुआरेझ. सुआरेझ हा गोल मारणारा खेळाडू, गोल राखणारा नव्हे. पहिला फटका त्याने पायाने अडवला. चेंडू परत वर उडाला. घानाच्या अदियाहने डोके मारले आणि चेंडू सरळ आत निघाला. तेव्हा सुआरेझने दोन्ही हात वर करून चेंडू ढकलला. व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉक करतात ना, अगदी तस्सा! चुकून हात लागला असे म्हणायला जागाच नाही.

आता रेफरीने काय करायचे? पुष्कळ जण म्हणतात, गोल द्यायचा. चेंडू आतच चालला होता, हे आंधळ्यालाही दिसत होते. पण फुटबॉलच्या नियमात तसे नाही. चेंडू सगळाच्या सगळा रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. बोटभर जरी रेषेवर राहिला तरी गोल नाही. आणि गोलकीपर सोडून दुसऱ्याने मुद्दाम हाताने गोल अडवला तर शिक्षा ठरलेली आहे. त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढायचे आणि समोरच्या संघाला पेनल्टी द्यायची. आजही मुद्दाम अडवले तर हीच शिक्षा आहे. रेफरी पोर्तुगाल देशाचे होते. त्यांनी हँडबॉल पाहिला, शिट्टी मारली, लाल कार्ड काढले, पेनल्टी दिली. म्हणजे त्यांनी पुस्तकात आहे ते सगळे केले. सुआरेझ रडत बाहेर निघाला.

पेनल्टी म्हणजे गोलपासून ३६ फुटांवर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. मध्ये फक्त गोलकीपर. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. म्हणून पेनल्टी बहुतेक वेळा जातेच. मारायला आला असामोआ ग्यान. त्याने त्याच वर्ल्ड कपमध्ये आधी दोन पेनल्टी घातल्या होत्या. त्याने जोरात मारला आणि चेंडू वरच्या आडव्या बारला लागून वर उडाला. सुआरेझ अजून आत गेला नव्हता. जाण्याच्या वाटेवर उभा राहून बघत होता. रडणारा सुआरेझ नाचू लागला. मला ते आवडले नाही.

मग टायब्रेकर झाला. यात दोन्ही संघ पाळीपाळीने पाच पाच पेनल्टी मारतात. घानाकडून पहिला कोण आला असेल? ग्यानच! आणि त्याने गोल घातला. मला वाटते ही त्या मॅचमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आत्ताच एवढे घडलेले, सगळा खंड बघतोय, आणि हा परत चेंडू ठेवायला आला. पण घानाचा तिसरा आणि चौथा फटका गोलकीपरने अडवला. उरुग्वेच्या आब्रेऊने शेवटचा चेंडू हळूच उचलून मधोमध टाकला आणि उरुग्वे ४-२ ने जिंकला. ग्यान मैदानावर लई रडला.

इथून भांडण सुरू झाले.

तात्यांचे म्हणणे असे : "कायदा लिहिलेला हाय. त्यानं गुन्हा केला, शिक्षा भोगली. पुढच्या मॅचला बी बसवला. घानाला पेनल्टी मिळाली का न्हाई? मग ती बारला लागली त्यात रेफरीचा काय दोष, आन् सुआरेझचा तरी काय?" पुढे २०२२ साली सुआरेझही हेच बोलला. तो म्हणाला, मी माफी मागणार नाही, पेनल्टी चुकवली ती त्यांच्या खेळाडूने.

हे ऐकून आजी म्हणाली, "आरं, एखाद्याची म्हस दुसऱ्याच्या शाळूत शिरली. मालकानं कोंडवाड्याचा दंड भरला आन् म्हस सोडवून नेली. पण शाळू गेला तो गेलाच की! ज्याचा गेला त्याला काय मिळालं?" आजीने फुटबॉल कधी पाहिला नाही, पण घानाचे लोक जे म्हणतात ते तिने बरोबर सांगितले. त्यांचा गोल नक्की होता. त्याच्या बदल्यात त्यांना गोल मारायची फक्त संधी मिळाली. नक्कीच्या बदल्यात बहुतेक.

मला आजीचे पटते. पण म्हणून रेफरीचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण दंड किती घ्यायचा हे रेफरी ठरवत नाहीत. ते पुस्तकात असते. भांडायचे तर पुस्तकाशी भांडायला पाहिजे. दुसऱ्या खेळांत वेगळे नियम आहेत. रग्बीमध्ये लबाडी करून नक्की होणारी ट्राय अडवली तर रेफरी ती ट्राय देऊनच टाकतात. आपल्या क्रिकेटमध्येसुद्धा, यष्टिरक्षकाच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर सरळ पाच धावा मिळतात. मग फुटबॉलमध्ये असा गोल का देत नाहीत? सर म्हणाले, चेंडू नक्की आत गेला असता हे रेफरीला प्रत्येक वेळी कसे कळणार? सुआरेझच्या वेळी कळत होते. पण समोर पाच-सहा गडी असतील तर कळणार नाही, आणि मग वाद आणखी वाढतील. हेही खरे आहे. उरुग्वेचे लोक तर म्हणतात की ती फ्री किकच मुळात चुकीची होती आणि घानाचा गडी ऑफसाइड होता!

आता याच्या उलटी गोष्ट बघा. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोत अर्जेंटिना आणि इंग्लंड यांची मॅच होती. अर्जेंटिनाचा मॅराडोना उंचीने साडेपाच फुटांच्याही आत आणि इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन सहा फूट. चेंडू वर उडाला आणि दोघेही उडाले. मॅराडोनाने डोक्याजवळ मूठ धरून चेंडू आत ठोसला. रेफरी ट्युनिशियाचे अली बेन्नासर होते. त्यांना हात दिसला नाही. त्यांनी लाईनमनकडे पाहिले, लाईनमनने निशाण वर केले नाही, म्हणून गोल दिला. मॅच अर्जेंटिना २-१ ने जिंकला. मॅराडोना नंतर म्हणाला, थोडे माझे डोके होते आणि थोडा देवाचा हात. २०१५ साली तो बेन्नासरांच्या घरी ट्युनिशियाला जाऊन आला आणि त्यांना सही केलेला शर्ट दिला. तात्या यावर हसतात. मी इंग्लंडचा असतो तर हसलो नसतो.

या दोन हातांत फरक आहे. मॅराडोनाने रेफरीला फसवले, शिक्षा झाली नाही. सुआरेझने लपवले काही नाही, शिक्षा झाली, पण ती शिक्षाच त्याला फायद्याची पडली. पहिल्या वेळी निर्णय चुकला. दुसऱ्या वेळी निर्णय बरोबर होता, तरी घानाच्या लोकांना न्याय मिळाला असे वाटले नाही. पारावर भांडणारे हा फरक करत नाहीत.

२०१८ च्या वर्ल्ड कपपासून वी.ए.आर. आले आहे. म्हणजे दुसरे रेफरी टीव्हीवर पाहतात आणि मैदानातल्या रेफरीला कानात सांगतात. मॅराडोनाची मूठ त्यात लगेच सापडली असती. सुआरेझच्या बाबतीत मात्र टीव्हीने नवीन काय सांगितले असते? लाल कार्ड आणि पेनल्टी, तेच परत.

सुआरेझला पुढची मॅच बसावे लागले. ती सेमीफायनल उरुग्वे नेदरलँड्सशी ३-२ ने हरला. तिसऱ्या नंबरच्या मॅचला तो परत आला तेव्हा त्याच्या पायात चेंडू गेला की लोक हुर्यो करायचे. आफ्रिकेचा पहिला संघ सेमीफायनलला गेला तो २०२२ साली, मोरोक्को.

त्याच २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये कतारला घाना आणि उरुग्वे परत समोरासमोर आले. तारीख २ डिसेंबर. घानाला याही वेळी पेनल्टी मिळाली आणि आयेवने मारलेला चेंडू गोलकीपरने अडवला! उरुग्वे २-० ने जिंकला. पण दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने शेवटी शेवटी गोल घालून पोर्तुगालला हरवले. गुण सारखे झाले आणि कोरियाचे एकूण गोल जास्त, म्हणून कोरिया पुढे गेला. उरुग्वेला आणखी एकच गोल हवा होता. घाना तर आधीच बाहेर पडला होता, तरी उरुग्वेही बाहेर गेला म्हणून घानाचे लोक आनंदाने ओरडत होते. सुआरेझ बाकावर बसून रडत होता.

आणि गंमत बघा. आता रेफरीच्या अंगावर धावून कोण गेले? उरुग्वेचे खेळाडू. आम्हाला पेनल्टी द्यायला पाहिजे होती, रेफरीनेच आम्हाला घालवले, असे ते म्हणत होते. कावानी नावाच्या खेळाडूने तर आत जाता जाता वी.ए.आर.चा टीव्ही ढकलून पाडला. त्या टीव्हीने काय केले होते? पुढे फिफाने उरुग्वेच्या चार खेळाडूंना बंदीची शिक्षा केली. त्यात सुआरेझ नव्हता.