मधुमेही आणि आइस्क्रीम : काही समज, काही हिशेब

मार्च महिना उजाडला की मधुमेह बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास कानी येतो. तो बहुधा तपासणी आटोपल्यावर, खुर्चीवरून उठता उठता, सोबतच्या नातेवाइकांची नजर चुकवून विचारला जातो : "डॉक्टर, कधीतरी आइस्क्रीम चालेल का?" आमच्या पिढीतील वैद्यकांनी या प्रश्नास वर्षानुवर्षे "नाही" असे एकाच शब्दाचे उत्तर दिले. ते देण्यास सोपे होते, परंतु पुरेसे नव्हते. ही गोष्ट आम्हांस एका रुग्णामुळे उमगली; त्याची हकीकत प्रथम सांगणे उचित होईल.

सदर गृहस्थ निवृत्त शिक्षक. वय पासष्टच्या पुढे, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन या गोळ्या चालू. दोन महिन्यांत त्यांच्या रक्तशर्करेचे आकडे चढत गेले. पथ्याची चौकशी करता "सारे काही पाळतो" असे उत्तर मिळाले व घरच्यांनीही त्यास दुजोरा दिला. त्यावर विसंबून आम्ही गोळीचे प्रमाण वाढविले. वस्तुस्थिती अशी होती की, नातवास फिरावयास नेण्याच्या निमित्ताने आजोबाही कोपऱ्यावर रोज एक कुल्फी खात आणि ती गोष्ट घरी न सांगण्याचे वचन नातवाकडून घेत. मे महिन्यात नातू आजोळी गेला. कुल्फी आपोआप थांबली. वाढविलेली गोळी मात्र चालूच राहिली. चौथ्या दिवशी सायंकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. "साखर उतरली तर गोड द्यावे" एवढे सुनेच्या ध्यानात होते. तिने घाईघाईने फ्रीजमधील आइस्क्रीम भरविले. वीस मिनिटे गेली तरी उतार पडेना, म्हणून त्यांना रुग्णालयात आणले, तेव्हा रक्तशर्करा ४८ होती. शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर ते सावध झाले. तथापि ग्लिमेपिराइडचा परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. सकाळी खोलीत कोणी नाही असे पाहून त्यांनी कुल्फीची गोष्ट सांगितली.

त्यांच्या लपविण्यात आमच्या "नाही"चा वाटा मोठा होता, असे आम्ही मानतो. ज्या पदार्थास बंदी असते त्याचा हिशेब रुग्ण सांगत नाही, आणि हिशेब न कळता वाढविलेले औषध हे कुल्फीपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. एवढ्या लोकांनी आयुष्यभर आइस्क्रीमकडे पाठ फिरवावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तेव्हा खरा प्रश्न "चालेल का?" हा नसून "किती, केव्हा आणि कशाच्या बदल्यात?" हा आहे.

रक्तातील साखर वाढते ती जिभेस लागणाऱ्या गोडीच्या प्रमाणात नव्हे, तर पोटात गेलेल्या एकूण कर्बोदकांच्या प्रमाणात. पोळी, भात, बटाटा, साखर, फळे आणि दूध या साऱ्यांत कर्बोदके आहेत. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ती सुमारे २० ग्रॅम असतात. साध्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये दर १०० ग्रॅमला साधारण २३ ते २५ ग्रॅम कर्बोदके भरतात. हा आकडा वाचून रुग्ण दचकतात. परंतु येथे एक गंमत आहे. आइस्क्रीम विकले जाते मिलिलिटरमध्ये, आणि वेष्टनावरील पोषणमूल्ये बहुधा दिलेली असतात १०० ग्रॅमची. आइस्क्रीम घुसळताना त्यात मोठ्या प्रमाणावर हवा मिसळली जाते. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी जागा हवेने व्यापलेली असली तरी ते नियमात बसते. त्यामुळे १०० मिलिलिटरचा एक छोटा कप वजनाने ५५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यातील कर्बोदके सुमारे १३ ग्रॅम, म्हणजे एका पोळीहूनही कमी असतात. जेवणात एक पोळी कमी घेऊन हा कप घेतला, तर कर्बोदकांचा हिशेब बिघडत नाही.

कुल्फीचे गणित मात्र वेगळे आहे. तिच्यात हवा घातलेली नसते, दूध आटविलेले असते. एक लिटर दुधात ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. दूध आटविल्याने पाणी उडून जाते, ही शर्करा जात नाही. वरून घातलेली साखर निराळीच. म्हणूनच हातात मावणारी लहानशी कुल्फी वजनदार लागते आणि तिच्यातील कर्बोदके २० ग्रॅमपर्यंत सहज पोहोचतात. शिक्षक महाशयांची कुल्फी म्हणजे रोजच्या जेवणाव्यतिरिक्त एक पूर्ण पोळी होती, आणि तीही सायंकाळी मोकळ्या पोटी. पुण्याच्या मस्तानीविषयी तर बोलावयासच नको. दूध, आंब्याचा रस, साखर आणि वर आइस्क्रीमचे गोळे असा तो उंच पेला साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके पोटात घालतो. फालुद्यातील सब्जा निरुपद्रवी असला तरी शेवया आणि गुलाबाचे सरबत तसे नाही. ही पेये एकट्याने संपविण्याची नव्हेत. चौघांत वाटून चार चमचे घ्यावेत. बर्फाच्या गोळ्यावरील पाक म्हणजे निव्वळ साखरच होय. तिला थोपविणारे दूध वा स्निग्धांश त्यात नसल्याने रक्तशर्करा झपाट्याने चढते. शिवाय तो बर्फ कोणत्या पाण्याचा, ही शंका उरतेच.

गार पदार्थ इतके गोड का करावे लागतात, असेही विचारले जाते. थंडीने जिभेची गोडीची जाणीव मंदावते. वितळलेले आइस्क्रीम असह्य गोड लागते ते यामुळेच. दुसरे असे की, साखरेमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, सारे पाणी बर्फ होत नाही आणि पदार्थ चमच्याने काढण्याजोगा मऊ राहतो. घरच्या लाकडी पॉटभोवती आपण बर्फात मीठ घालीत असू, त्यामागेही हेच तत्त्व होते. सांगावयाचे ते एवढेच की, गार पदार्थाच्या बाबतीत जिभेवर विश्वास ठेवू नये. ती साखरेचे प्रमाण नेहमी कमी सांगते.

आइस्क्रीममधील स्निग्धांशामुळे जठरातील अन्न पुढे सरकण्यास विलंब होतो व साखर सावकाश रक्तात उतरते. अन्नातील कर्बोदके किती वेगाने रक्तशर्करा वाढवितात, याचे मोजमाप टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडले. त्या मापावर कित्येक आइस्क्रीमे पांढऱ्या पावाच्या खाली येतात. परंतु यातून "आइस्क्रीम पावापेक्षा हितकर" असा निष्कर्ष कोणी काढू नये. सावकाश चढलेली साखर सावकाशच उतरते, आणि मधुमेहींना हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक असल्याने दुधाची साय असो वा वनस्पती तेल, त्यातील संपृक्त स्निग्धांशाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडील वेष्टनावर "आइस्क्रीम" आणि "फ्रोझन डेझर्ट" असे दोन निरनिराळे शब्द आढळतात. पहिल्यात स्निग्धांश दुधाचा असतो, दुसऱ्यात तो पूर्णतः वा अंशतः वनस्पतिजन्य तेलाचा. साखरेच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही.

हाच सावकाशपणा त्या सायंकाळी घातक ठरू पाहत होता. रक्तशर्करा ७० च्या खाली गेली असता शरीरास हवे असते ते ताबडतोब शोषले जाणारे ग्लुकोज. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पूड अथवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि आकडा न चढल्यास तेच पुन्हा करावे. आइस्क्रीम, कुल्फी, चॉकलेट, पेढा हे या कामाचे नव्हेत. रुग्ण बेशुद्ध असेल वा गिळता येत नसेल, तर तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात आणावे. जे रुग्ण ग्लिमेपिराइड वा इन्शुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात, त्यांच्या घरी ग्लुकोज पूडच असावी. ही औषधे साध्या साखरेचे पचन लांबवितात, त्यामुळे ती वेळेवर उपयोगी पडत नाही.

"शुगर फ्री" या शब्दांनी पुष्कळ जण निर्धास्त होतात. त्या डब्यातही दुग्धशर्करा असतेच. शिवाय काही पदार्थांत माल्टिटॉल वा सॉर्बिटॉल घातलेले असते. ते साखरेपेक्षा कमी, पण काही प्रमाणात रक्तशर्करा वाढवितात आणि अधिक खाल्ल्यास पोटात वायू धरून जुलाब होतात. "नो अॅडेड शुगर" म्हणजे साखर वरून घातलेली नाही, एवढाच अर्थ. त्यात खजूर वा फळांचा गर भरपूर असू शकतो. सुक्रालोज, स्टीव्हियासारखी द्रव्ये मर्यादेत वापरण्यास हरकत नाही. आमचा आक्षेप निराळाच आहे : साध्या आइस्क्रीमचा एक कप मोजून खाणारा मनुष्य "शुगर फ्री"चे तीन कप निःशंकपणे संपवितो, असे अनेकदा दिसते.

ज्यांची साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे त्यांनी आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, एक छोटा कप घ्यावा व त्या जेवणातील पोळी वा भात तेवढा कमी करावा. मोठ्या डब्यातून वाढून घेण्यापेक्षा सुटा कप बरा. डब्यातील "आणखी थोडे" मोजता येत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा दोन तासांनी आणि पुन्हा चार तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून वहीत लिहावी. एकाच कपाने दोन व्यक्तींची साखर सारखी वाढत नाही; तेव्हा शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा आपली वही अधिक विश्वसनीय. इन्शुलिन घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी वाढदिवसापूर्वीच डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलून घ्यावे, म्हणजे मुलास पंगतीत वेगळे बसावे लागत नाही. डायलिसिसवरील रुग्णांनी मात्र आमच्या आहारतज्ज्ञांना विचारल्याखेरीज काही घेऊ नये. त्यांच्याकरिता आइस्क्रीम हे दिवसभराच्या पाण्याच्या हिशेबात धरावे लागते.

घरी करून पाहावयाचे असल्यास अर्धा लिटर गाईचे दूध निम्मे होईपर्यंत आटवावे, त्यात चार लहान चमचे साखर, वेलची, केशर आणि थोडे भरडलेले पिस्ते घालून चार साच्यांत गोठवावे. प्रत्येक कुल्फीत सुमारे ११ ग्रॅम कर्बोदके येतात. साखरेऐवजी अॅस्पार्टेम वापरणार असाल, तर दूध निवल्यावर घालावे, कारण उकळत्या दुधात त्याची गोडी नाहीशी होते. साखर कमी असल्याने ही कुल्फी दगडासारखी कडक होते. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढून ठेवावी, म्हणजे सुरीने कापता येते.