‘फिल्मइंडिया’ची नव्वदी आणि आमच्या माळ्यावरील पेटारा

उज्जैनच्या फ्रीगंजमधील, घंटाघराच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेले आमचे जुने घर पाडावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरील सामानाचा निकाल लावण्याचे काम आमच्याकडे आले. तांब्याची घंगाळे, पितळी समया, देवघराची सागवानी चौकट यांना मागणी पुष्कळ होती. शेवटी उरला तो एक पत्र्याचा पेटारा. आजोबांनी त्यात एका इंग्रजी मासिकाचे अंक सुतळीने बांधून ठेवले होते. मासिकाचे नाव ‘फिल्मइंडिया’. कडांना कसर लागलेली, पाने पिवळी पडलेली. घरात नव्या इमारतीच्या नकाशाची घाई चाललेली. आम्ही तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत टाकला.

एप्रिल १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’चा पहिला अंक निघाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याला नव्वद वर्षे पूर्ण झाली. मराठी घरांतून या नव्वदीची आठवण निघालेली आमच्या तरी कानांवर आली नाही. संपादक मात्र आपलाच मराठी माणूस होता.

बाबूराव पटेल हे पालघर भागातील मासवणचे, जन्म १९०४ चा. शालेय शिक्षणही पुरे न झालेल्या या गृहस्थाने इंग्रजी भाषा अशी काही वाकविली, की भल्याभल्या पदवीधरांनी त्यांचे परीक्षण वाचून मगच तिकिटाचे पैसे काढावेत. मासिकात इतरही लिहीत, सुशीलाराणी पटेल यांचाही त्या लेखनात मोठा वाटा होता, परंतु अंकाचा एकंदर सूर एकाच माणसाचा. चित्रपटांवरील परीक्षणे, ‘ज्यूडास’ या टोपणनावाने येणाऱ्या मुंबईच्या वार्ता आणि वाचकांच्या प्रश्नांना संपादकांनी दिलेली उत्तरे यांवर वाचक तुटून पडत. मुखपृष्ठे रंगविणाऱ्यांत एस. एम. पंडित यांच्यासारखा चित्रकार होता. आमच्या आजीला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण मुखपृष्ठ पाहण्यासाठी अंक प्रथम तिच्या हाती जाई.

आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत होते. अंक हाती आला, की रात्री जेवणे आटोपल्यावर ते ओसरीवर बसत आणि प्रश्नोत्तरे मराठी करून सांगत. आमच्या आत्याबाई हसून लोळत, आणि आजी आतून म्हणे, “अगं बाई, असं लिहितात का कुणी चारचौघांत!” आपलाही एक प्रश्न छापून आला होता आणि संपादकांनी आपल्याला चांगलेच झोडपले होते, असे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत. प्रश्न कोणता, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. “पेटाऱ्यात आहे, मोठे झालात की वाचा,” एवढेच म्हणत.

सिनेमा हा विषय सभ्य घरात मोठ्याने बोलण्याचा नव्हता, त्या काळात ‘फिल्मइंडिया’ने त्याला विचाराचा विषय केले. १९३८ साली ‘द ड्रम’ आणि पुढच्या वर्षी ‘गंगादीन’ या साम्राज्याची भलावण करणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध बाबूरावांनी रान उठविले. ‘द ड्रम’विरुद्ध मुंबईत निदर्शने झाली, ‘गंगादीन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली. महात्माजींनी सिनेमाला जुगार आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंक्तीला बसविले, तेव्हा ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना लिहिलेले अनावृत पत्र ऑक्टोबर १९३९ च्या ‘फिल्मइंडिया’तच आले. एखाद्या तरुण पत्रकाराने महात्माजींशी सिनेमाविषयी वाद घालावा आणि तो एका चित्रपटविषयक मासिकाने छापावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

इतके सारे खरे असूनही बाबूरावांची आरती ओवाळण्यास आमचे मन धजत नाही. त्यांच्या लेखणीला लगाम नव्हता. नटींच्या रूपावर, शरीरावर, खाजगी जीवनावर त्यांनी जे लिहिले, त्यातील पुष्कळसे आज वाचवत नाही. चिडलेल्या शांता आपटे हाती छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या, ही गोष्ट चित्रपटसृष्टीत अनेकांनी सांगितली आहे. ओसरीवर हसणाऱ्यांना तिचे मर्म त्या वेळी कळले असेल काय? याच शांताबाईंनी १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक मराठीत लिहिले. तेही आमच्या पेटाऱ्यात असावयास हवे होते, नव्हते.

इतरांच्या चित्रपटांची साले काढणाऱ्या बाबूरावांनी स्वतः ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट काढले. दोन्हींत नायिका सुशीलाराणी, दोन्ही पडले. सुशीलाराणी या मोगूबाई कुर्डीकर आणि सुंदराबाई जाधव यांच्याकडे शिकलेल्या गायिका. त्यांचे खरे घर गाण्यात होते; २०१४ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही.

पुढे बाबूरावांचे लक्ष सिनेमावरून राजकारणाकडे वळले. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’ गेले आणि त्याच्या जागी ‘मदर इंडिया’ आले. लेखणीची धार तीच राहिली, परंतु तिच्याखाली आता नटनट्यांच्या जागी माणसांचे समाज सापडू लागले. ओसरीवरील वाचन याच सुमारास थांबले. आजोबांनी कारण दिले नाही. अंक घेणे बंद केले, एवढेच.

आणि मग १९६७ ची लोकसभेची निवडणूक आली. आमच्या शेजारच्या शाजापूरहून, आग्रा-मुंबई रस्त्यावरील त्या शांत गावाच्या मतदारसंघातून, जनसंघाने उमेदवार दिला तो बाबूराव पटेल! आत्याबाईंनी वर्तमानपत्र दोनदा वाचले. “दादा, हे आपले सिनेमावाले बाबूराव का हो?” आजोबा म्हणाले, “तेच. आता प्रश्न आपण विचारायचे आणि उत्तर त्यांनी द्यायचं. पण छापणार कोण?” बाबूराव निवडून आले आणि चौथ्या लोकसभेत बसले. पाली हिलवर राहणाऱ्या माणसाला माळव्याने दिल्लीस पाठविले, याचे आम्हां मुलांना भारी अप्रूप वाटे. १९८२ मध्ये ते वारले. शाजापूरचा तो मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेत नावानिशी नाहीसा झाला.

आम्ही रद्दीत घातलेले ते मासिक न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या ग्रंथालयाने मात्र जपून ठेवले. तेथील अनेक खंडांच्या छायाप्रती आता संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आमच्या भाचीने त्या आम्हांस उघडून दिल्या. ज्या माळ्याखाली आम्ही वाढलो, त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही रोज रात्री एक अंक वाचतो. परीक्षणे वाचून होतात, जाहिराती पाहून होतात, आणि मग प्रश्नोत्तरांच्या पानांवर प्रश्नकर्त्यांच्या गावांवरून बोट फिरवीत उज्जैन शोधतो. १९४१ च्या जूनपर्यंत आलो आहोत. आजोबांचा प्रश्न अद्याप सापडलेला नाही.