पाण्याचा ‘ओ’ कसा झाला?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

फ्रेंच शिकवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तक्रार करतं, ‘‘सर, लिहायची ई, ए, यू अशी तीन अक्षरं आणि म्हणायचं नुसतं ‘ओ’! हे कसलं पाणी?’’ तक्रार रास्त आहे. मूळ लॅटिन शब्द ‘आक्वा’. त्यातलं काहीच आज कानी पडत नाही. ते गेलं कुठे, हे सांगायला दोन हजार वर्षं मागे जावं लागतं.

इसवी सनापूर्वी ५८ ते ५० या काळात ज्युलियस सीझरनं गॉल देश जिंकला. तिथली गॉलिश ही केल्टिक भाषा पुढच्या काही शतकांत विझली. ओक वृक्ष, चंडोल पक्षी असे शेतारानातले थोडे शब्द तेवढे मागे राहिले. तिच्या जागी आली ती सिसेरोच्या भाषणांतली लॅटिन नव्हे, तर शिपायांची, बाजारकऱ्यांची लॅटिन. पंडित घोड्याला ‘एक्वुस’ म्हणत, शिपाई म्हणत ‘काबाल्लुस’, म्हणजे तट्टू. फ्रेंचनं तट्टूच उचललं आणि त्याचं ‘शव्हाल’ केलं. डोक्याला ‘कापुत’ सोडून लोक थट्टेनं ‘तेस्ता’, म्हणजे मडकं म्हणू लागले. आपण नाही का ‘टाळकं’ म्हणत, तसंच. त्या मडक्याचंच ‘तेत’ झालं, आणि आज सभ्य माणसंही डोक्याला तेच म्हणतात.

लॅटिनच्या उतरत्या काळात कुणा अज्ञात शिक्षकानं केलेली सव्वादोनशेवर नोंदींची एक यादी उपलब्ध आहे. ‘असं म्हणा, तसं म्हणू नका’ एवढंच तिच्यात आहे. कानाला ‘आउरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ म्हणू नका! गुरुजींचं कुणी ऐकलं नाही. फ्रेंचमधला कान, ‘ओरेय’, त्या चुकीच्या ‘ओरिक्ला’तूनच आला. मला ही यादी फार मोलाची वाटते. शुद्ध लॅटिनची पुस्तकं पुष्कळ आहेत. लोक बोलत कसे होते, हे मात्र चुका काढणाऱ्या या माणसामुळे कळतं.

पाचव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वंशाचे फ्रँक लोक सत्तेवर आले. देशाला त्यांचं नाव मिळालं, युद्धाला त्यांचा ‘गेर’ हा शब्द मिळाला. पण भाषा प्रजेचीच टिकली. ती लॅटिनपासून इतकी दूर गेली होती, की ८१३ साली तूर इथल्या धर्मसभेनं बिशपांना सांगितलं : प्रवचनं खेडवळ रोमन बोलीत किंवा जर्मनमध्ये करा, लोकांना समजू द्या.

यानंतर एकोणतीस वर्षांनी, १४ फेब्रुवारी ८४२ रोजी, स्त्रासबूर इथे शार्लमान बादशहाचे दोन नातू थोरल्या भावाविरुद्ध एक झाले. दोघांची सैन्यं समोरासमोर उभी. पूर्वेकडच्या लुईनं शपथ घेतली ती स्वतःच्या जर्मनमध्ये नव्हे, तर धाकट्या शार्लच्या सैन्याला समजावी म्हणून रोमन बोलीत. आणि शार्लनं जर्मनमध्ये. त्यांचा आतेभाऊ निथार यानं इतिहास लिहिला लॅटिनमध्ये, पण शपथा उतरवल्या त्या बोलल्या तशाच. फ्रेंचचा पहिला लेख म्हणून दाखवतात तो हाच. एखाद्या कवीनं नाही, भाऊबंदकीनं लिहवलेला!

आता आपलं पाणी. मध्ययुगात त्या शब्दातले तिन्ही स्वर खरोखर उच्चारले जात. उच्चार पुढे सरकत गेला, लेखन जागच्या जागी राहिलं. त्यात पंडितांनीही भर घातली. वजनाला ‘प्वा’ म्हणतात. तो शब्द लॅटिन ‘पोन्दुस’वरून आला असं समजून त्यांनी त्यात ‘डी’ घुसडला. तो आला होता ‘पेन्सुम’वरून. चूक कळली, पण ‘डी’ अजून तिथेच आहे.

१५३९ साली पहिल्या फ्रान्स्वा राजानं व्हिलेर-कोतरेचा हुकूम काढला : न्यायालयाची कागदपत्रं लॅटिनमध्ये नकोत, फ्रेंच मातृभाषेत हवीत. ऐकायला छान, पण दक्षिणेतल्या ऑक्सितान किंवा पश्चिमेतल्या ब्रेतों बोलणाऱ्याची मातृभाषा फ्रेंच नव्हतीच. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वारनं क्रांतिकारकांपुढे अहवाल मांडला. त्याच्या अंदाजानं निदान साठ लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येत नव्हतं आणि ते नीट बोलणारे तीस लाखांहून अधिक नव्हते. बाकीच्या बोली नाहीशा कराव्यात, असं त्याचं मत. पुढे शाळेत ब्रेतों बोललं म्हणून पोरांना शिक्षा झाल्या. खेडवळ म्हणून हिणवलेली बोली गादीवर बसली आणि तिनं दुसऱ्यांना खेडवळ ठरवलं, हे मला वर्गात शिकवताना अजून जड जातं.

मग मी ‘आज’ या शब्दाकडे वळतो. लॅटिन ‘होदिए’ झिजून ‘वी’ एवढंच उरलं. ते अपुरं वाटलं म्हणून लोकांनी ‘ओजूरद्वी’ केलं, म्हणजे ‘आजच्या दिवशी’. आता तेही अपुरं वाटतं, म्हणून कित्येक जण ‘आजच्या दिवसाच्या दिवशी’ अशा अर्थाचं लांबलचक काहीतरी म्हणतात. फ्रेंच अकादमी, स्थापना १६३५, म्हणते : असं म्हणू नका.